मंडपमची छावणी आणि सुरक्षेचा उलटा हिशेब

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेले काही महिने आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात घुसखोर, निर्वासित आणि देशाची सुरक्षा या विषयावर बरीच पत्रे प्रसिद्ध होत आहेत. त्यांतील बहुतेकांचा सूर असा की सुरक्षा आधी, नागरिकत्वाचा विचार नंतर. ज्याच्यापाशी कागद नाही तो संशयित, आणि संशयिताच्या हाती कागद देणे म्हणजे देशाला धोका. वरवर पाहता यात गैर काही वाटत नाही. परंतु आपल्याच सरकारांच्या हातून घडलेले आणि आजही संपलेले नसलेले, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांचे एक प्रकरण या मांडणीच्या नेमके विरुद्ध जाते, आणि मराठी वाचकांपर्यंत ते फारसे पोचलेले दिसत नाही. म्हणून हे पत्र. ते नेहमीपेक्षा लांबले आहे, तरी कात्री जपून चालवावी ही विनंती.

रामेश्वरला जाणाऱ्या आपल्याकडच्या यात्रेकरूंची गाडी पांबनच्या पुलावर चढण्यापूर्वी मंडपमवरून जाते. पूल जवळ आल्यामुळे सगळे समुद्र पाहायला खिडकीशी जमलेले असतात. या गावात श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची मोठी छावणी आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. या जागेचा इतिहास मोठा विलक्षण आहे. इंग्रजांच्या काळात सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, मळ्यांवर मजुरीला जाणाऱ्या तमिळ माणसांना मंडपमला थांबवून घेत, तपासत, रोगराईची शंका फिटेपर्यंत ठेवून घेत आणि मग पलीकडे धाडत. जाणारी कुटुंबे बहुतेक भूमिहीन, त्यांत दलित जातींतील पुष्कळ. त्यांनी जंगल तोडून आधी कॉफीचे आणि नंतर चहाचे मळे उभे केले. १९८३ नंतर त्याच मंडपमच्या किनाऱ्यावर होड्यांमधून जे निर्वासित उतरले, त्यांत या मजुरांची नातवंडे-पतवंडेही होती.

मधल्या काळात जे घडले ते या पत्राच्या मुळाशी आहे. सिलोन १९४८ साली स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी तेथील संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. नागरिक ठरण्यासाठी वडिलांचा, किंवा आजोबा आणि पणजोबांचा जन्म सिलोनमध्ये झाल्याचे दाखवणे भाग होते. ज्या मळ्यांवर मजुरांच्या जन्माची धड नोंदच होत नसे, तेथील माणसाने हा पुरावा आणायचा कुठून? सुमारे सात लाख माणसे एका कायद्याने कोणत्याच देशाची उरली नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. १९४७ च्या निवडणुकीत या मजुरांचे प्रतिनिधी पार्लमेंटात निवडून आले होते. १९५२ मध्ये एकही आला नाही. कारण सांगितले गेले ते अर्थातच सुरक्षेचे: हे लोक म्हणजे भारताने बेटावर रोवलेला पाय आहे. मळ्यांतील मजुरांची मते डाव्या पक्षांकडे जात होती, हे दुसरे कारण कुणी फारसे मोठ्याने बोलत नसे. भारताच्या विस्तारवादाचा हा बागुलबुवा तेथे इतका मुरला की पुढे जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या म्हणवणाऱ्या पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांच्या शिकवणुकीत त्यावर एक स्वतंत्र पाठच ठेवला होता.

भारत सरकारने प्रारंभी या लोकांना आपले म्हणण्यास नकार दिला, आणि तो तत्त्वाला धरून होता: जे तिथे जन्मले आणि तिथेच राबले, ते तिथलेच नागरिक. नेहरूंनी ही भूमिका अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी दिल्लीत करार केला. एकूण ९ लाख ७५ हजार माणसे धरली गेली. ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवायची आणि उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहायचे असे ठरले. १९७४ मध्ये तेही निम्मे-निम्मे, ७५-७५ हजार, वाटून घेण्यात आले. मी महसूल खात्यात आयुष्य काढले आहे; वाटपपत्रात गट नंबर आणि क्षेत्र लिहितात त्याच कोरडेपणाने हे आकडे लिहिलेले आहेत. फरक इतकाच की वाटपपत्रावर निदान हिस्सेदारांच्या सह्या लागतात. येथे ज्यांची वाटणी झाली त्यांच्या पुढाऱ्यांना कुणी विचारलेदेखील नव्हते.

कराराखाली रामेश्वर आणि पलीकडचे तलैमन्नार यांमधील बोटीने लोक येऊ लागले. १९८४ मध्ये यादवीमुळे ती बोट बंद पडली, तेव्हा भारताचे नागरिकत्व मंजूर झालेली हजारो माणसे पलीकडेच अडकून राहिली. दरम्यान १९७७ च्या आणि त्यानंतरच्या दंगलींत मळ्यांवरून हुसकावलेली पुष्कळ कुटुंबे उत्तरेकडे वावुनिया-किलिनोच्चीकडे सरकली होती आणि तिथे युद्धाच्या तोंडी सापडली. जुलै १९८३ च्या भीषण हत्याकांडानंतर जे लोंढे तमिळनाडूकडे निघाले, त्यांत जाफन्याचे तमिळ होते तसे हेही होते. परिणाम असा झाला की एकाच घरातला जो भाऊ बोट चालू असताना करारातल्या पासपोर्टवर आला तो ‘मायदेशी परतलेला’ ठरला, त्याला कर्ज मिळाले, काम मिळाले, मत मिळाले. आणि जो भाऊ काही वर्षांनी जीव वाचवण्यासाठी मासेमारी होडीतून रात्रीचा आला तो निर्वासित ठरला आणि छावणीत गेला. दोघांचे आजोबा मंडपमहूनच गेलेले.

तमिळनाडूत आज शंभराहून अधिक छावण्यांत सुमारे ५८ हजार माणसे राहतात, आणि पोलिसांकडे नोंद करून छावणीबाहेर राहणारी आणखी तीस हजारांवर आहेत. यांतील बरीचशी येथेच जन्मलेली आहेत. त्यांनी कोलंबो पाहिलेले नाही, कँडी पाहिलेले नाही. कायदा त्यांना काय म्हणतो ते जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण खरी मेख तिथेच आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस, आईबाप कुणीही असोत, जन्माने नागरिक. त्या तारखेनंतर जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी भारतीय असला पाहिजे. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याच्या बाबतीत एक भारतीय हवाच, शिवाय दुसरा ‘अवैध स्थलांतरित’ असता कामा नये. आणि ‘अवैध स्थलांतरित’ याची व्याख्या अशी की वैध पासपोर्टाशिवाय जो देशात आला तो. मागून गोळ्या सुटत असताना होडीत चढणाऱ्याने पासपोर्टावर शिक्का मारून घ्यायचा राहिला, एवढ्याने तो या व्याख्येत बसतो. अशा माणसाला नोंदणीनेही नागरिकत्व मागता येत नाही आणि दीर्घ वास्तव्याच्या आधारेही नाही, मग ते वास्तव्य चाळीस वर्षांचे का असेना. म्हणजे होडीतून आलेल्या छावणीतल्या मुलीने शेजारच्या गावातल्या भारतीय मुलाशी रीतसर लग्न केले, तरी तिच्या पोटी आज जन्मणारे मूल भारतीय नाही. बापाचे नाव मतदारयादीत आणि लेकराचे निर्वासितांच्या रजिस्टरात, असा प्रकार कायद्यानेच होतो.

मंडपमच्या छावणीत १९८६ साली जन्मलेल्या एका स्त्रीने पासपोर्टासाठी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२२ मध्ये तो देण्याचा आदेश मिळवला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने मतदान केले तेव्हा छावणीतून मत देणारी पहिली स्त्री म्हणून वर्तमानपत्रांत तिचे छायाचित्र आले. तिची पाठची भावंडे १९८७ च्या जुलैनंतर जन्मलेली असती तर त्यांना हा मार्ग नसता. त्याच न्यायालयाचे न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी जून २०१९ मध्ये, करारातील कुटुंबांशी नाते सांगणाऱ्या ६५ छावणीवासीयांच्या याचिकांवर, त्यांचे अर्ज केंद्राने सहानुभूतीने विचारात घ्यावेत असे सांगितले होते. छावणीतले प्रश्न त्यामुळे सुटले असे मात्र झाले नाही.

आता सुरक्षेकडे वळतो. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली. हत्येच्या कटात सामील झालेल्यांपैकी काही जण निर्वासित म्हणूनच भारतात आले होते, ही गोष्ट दडवून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. तोवर तमिळनाडूतले सामान्य लोक निर्वासितांना आपले मानून घरचे जेवण नेऊन देत होते; एका रात्रीत ते वातावरण पालटले. छावण्यांवर पोलिसांच्या ‘क्यू’ या गुप्तचर शाखेची नजर बसली, ये-जा परवानगीवर आली, उच्च शिक्षणाची दारे बंद झाली ती पुढे हळूहळू किलकिली झाली, आणि १९९२ पासून लोकांना परत पाठवण्याची घाई सुरू झाली. त्या क्षणी सरकारने कडक होणे समजण्यासारखे आहे. कुठल्याही सरकारने तेच केले असते. परंतु हत्येमागे असलेल्या लिट्टे या सशस्त्र तमिळ संघटनेचे श्रीलंकेतील युद्ध मे २००९ मध्ये संपले, संघटनेचा प्रमुख मारला गेला, आणि तरीही १९९१ च्या संशयावर उभी राहिलेली व्यवस्था तशीच चालू राहिली. ठरलेल्या दिवशी घरातील प्रत्येकाने अधिकाऱ्यापुढे हजर राहायचे, नाव पुकारले की पुढे व्हायचे, आणि नसलात तर महिन्याचा तनखा थांबणार. रंगकामाच्या ठेक्यावर दूर गावी गेलेला तरुण त्या दिवसासाठी रोजगार बुडवून परत येतो. छावण्यांतील तरुणांत रंगकाम करणारे फार आहेत, आणि त्यांत पदवीधरही आहेत, कारण सरकारी नोकरीला नागरिकत्व लागते आणि खासगी कंपन्या कागद पाहून हात झटकतात.

मला विचारायचे ते असे की यातून देश सुरक्षित कसा होतो? ज्याच्या बोटांचे ठसे, फोटो, नातेवाईक, येण्याची तारीख आणि महिन्याची मिळकत चाळीस वर्षे सरकारदरबारी नोंदलेली आहे, त्याच्याइतका तपासलेला माणूस या देशात दुसरा नसेल. मी स्वतः तितका तपासलेला नाही. आणि त्याला कायमचे ‘अवैध’ ठेवल्याने होते काय, तर काहीजण दलालामार्फत खोटे कागद करून घेतात आणि काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेने होडीत बसतात. जो माणूस सरकारच्या नजरेसमोर होता तो नजरेआड जातो. नागरिकत्व देण्याच्या प्रक्रियेत पोलिस चौकशी असते, चारित्र्याची ग्वाही देणारे ओळखीचे लोक लागतात, शपथ असते. ती चौकशीच सुरक्षेची आहे. ती न करण्याला आपण सुरक्षा म्हणत बसलो आहोत.

श्रीलंकेने मात्र हा हिशेब उशिरा का होईना दुरुस्त केला. २००३ मध्ये तेथील संसदेने एकमताने कायदा करून १९६४ पासून देशात असलेल्या भारतीय वंशाच्या राज्यहीनांना नागरिकत्व दिले. ज्यांना पंचावन्न वर्षे शत्रूचे हस्तक मानले गेले, त्यांच्या हाती कागद आल्यावर बेट बुडाले नाही. वेगळ्या राज्यासाठी जे युद्ध झाले तेही मुख्यतः उत्तर आणि पूर्वेचे. मळ्यांवरचा समाज मोठ्या प्रमाणावर त्यापासून दूर राहिला होता.

याच्या शेजारी मला आमच्या पलीकडचे उल्हासनगर ठेवावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बांधलेल्या बरॅकींमध्ये १९४७-४८ मध्ये सिंधहून आलेले सुमारे एक लाख निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. पत्त्यात कॅम्प नंबर एक ते पाच अजूनही लिहितात, पण आज ती महानगरपालिका आहे. फर्निचर, जीन्स आणि कशाकशाचे कारखाने आहेत, आमदार आहेत, आणि अनधिकृत बांधकामांचे कज्जे तर विचारूच नयेत. नोकरीच्या काळात तेथील सनदांची, म्हणजे सरकारने दिलेल्या मालकीपत्रांची, प्रकरणे माझ्या टेबलावरून पुष्कळ गेली. एका कुटुंबाला बरॅकीतील दोन खोल्या क्लेमपोटी, म्हणजे सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेच्या भरपाईत, मिळाल्या, सनद झाली, तिच्यावर कर्ज निघाले, मुलगा दुकानदार झाला, नातू वकील झाला आणि सनदेच्या क्षेत्रापेक्षा बांधकाम जास्त असल्याबद्दल माझ्याशीच भांडायला आला. नागरिक झालेला निर्वासित असा असतो.

दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत हे उघड आहे. सिंधी माणसे आपल्याच देशाच्या फाळणीने बेघर झाली होती आणि श्रीलंका हा वेगळा देश होता. परंतु त्या वेळीही सुरक्षेची काळजी आजच्याहून कमी नव्हती. काश्मीरमध्ये युद्ध चालू होते. तरीही घटनाकारांनी सहाव्या कलमात एक तारीख घातली, १९ जुलै १९४८. अविभाजित भारतात स्वतः, आईबाप किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी जन्मलेले असेल आणि माणूस त्या तारखेपूर्वी येऊन इथेच राहत असेल, तर तो नागरिक. नंतर आलेल्याने सहा महिने राहून अधिकाऱ्याकडे नोंद करायची. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये यावर कडाक्याची चर्चा झाली. नागरिकत्वाच्या कलमाइतकी डोकेदुखी एखाद्याच दुसऱ्या कलमाने मसुदा समितीला दिली असेल, असे डॉ. आंबेडकर म्हणाले होते. आणि आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी या मसुद्यामुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, अशी तक्रार करून हिंदू आणि शीख यांच्यासाठी वेगळी दुरुस्ती सुचवली होती. सभेने ती स्वीकारली नाही. आपण आज जो वाद नवा समजून घालतो आहोत तो पंचाहत्तर वर्षांपूर्वी दोन मराठी विद्वानांनी अधिक चांगल्या भाषेत घालून ठेवला आहे.

नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांवरील ‘अवैध’ हा शिक्का पुसला. ठाणे, मुंबई, पुणे आणि नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना तर २०१६ पासूनच अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार होते. छळ सोसून आलेल्या त्या कुटुंबांना कागद मिळाला याचे मला समाधानच आहे. मात्र श्रीलंकेतून आलेले हे तमिळ बहुसंख्येने हिंदू असूनही त्या यादीत नाहीत, आणि त्यांच्यातल्या निम्म्या प्रश्नाला तर भारत सरकारची स्वतःची सही असलेला करार कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नवा परदेशी नागरिक कायदा लागू झाला तेव्हा ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना शिक्षेतून सूट मिळाली. तुरुंगात टाकणार नाही, एवढेच त्यातून मिळते, नागरिकत्व नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात, भारत ही काही साऱ्या जगाची धर्मशाळा नव्हे, अशा अर्थाचे उद्गार काढले. येणाऱ्या प्रत्येकाला घ्यावे असे मीही म्हणत नाही. पण जो इथेच जन्मला तो दारात उभा नाही, तो घरात आहे. त्याला काय म्हणायचे एवढेच ठरायचे आहे.

ही बाब दूरच्या तमिळनाडूची म्हणून सोडून देता येत नाही, कारण कागदावरून माणूस ओळखण्याची घाई आपल्या राज्यातही दिसू लागली आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशाच्या हद्दीत ढकलले गेले, आणि ते भारतीय असल्याचे त्यांच्या राज्याने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले. घुसखोरी होत नाही असे कुणीच म्हणणार नाही. पण बोलीवरून परका ठरवायचे आणि चौकशी नंतर करायची, या पद्धतीत खरा घुसखोर सहज निसटतो. त्याच्याकडे कागद तयार असतात. सापडतो तो गवंडीकाम करणारा, ज्याचे रेशनकार्ड गावी ट्रंकेत आहे. उद्या बेळगाव किंवा सुरतेत एखाद्या मराठी मजुराला हीच वागणूक मिळाली तर आपल्या स्तंभातली पत्रे कोणत्या सुरात येतील, ते मला ठाऊक आहे.

करायचे काय, ते फार अवघड नाही. भारतात जन्मलेल्या आणि १९६४ च्या करारातील कुटुंबांशी नाते दाखवू शकणाऱ्या छावणीवासीयांना ‘अवैध स्थलांतरित’ या व्याख्येतून वगळावे आणि त्यांचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, पोलिस चौकशीसह, मुदतीत निकाली काढावेत. ज्यांची जाफना-वावुनियाकडे जमीन आहे आणि ज्यांना जायचे आहे, त्यांना कागद आणि प्रवासखर्च देऊन सन्मानाने जाऊ द्यावे. तमिळनाडूतील नागपट्टणम ते जाफन्याजवळचे कांकेसंतुरै ही बोट २०२३ मध्ये सुरू झाल्यामुळे वाटही आहे. महाराष्ट्रात कुणालाही सीमेकडे रवाना करण्यापूर्वी त्याच्या मूळ जिल्ह्याकडून लेखी खातरजमा झाल्याशिवाय ताबा सोडू नये, असा स्पष्ट आदेश गृह विभागाने काढावा. तमिळनाडू सरकारने २०२१ मध्ये छावण्यांसाठी सात हजारांवर घरे बांधण्याचे जाहीर केले, ते चांगलेच आहे. पण त्या घराच्या भिंती पक्क्या झाल्या तरी आत राहणाऱ्याचा दर्जा कच्चाच आहे, आणि तो बदलणे राज्याच्या हाती नाही. ते काम संसदेचे आहे. आपल्या राज्यातून ४८ खासदार लोकसभेत जातात. त्यांतील एकाने तरी पुढच्या अधिवेशनात गृह मंत्रालयाला तारांकित प्रश्न विचारून एवढी माहिती काढून घ्यावी की, १ जुलै १९८७ नंतर या छावण्यांत जन्मलेल्यांपैकी किती जण आज मतदानाच्या वयाचे आहेत, त्यांतील किती जणांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले आणि किती अर्जांवर आजवर काहीही निर्णय झालेला नाही.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून,
कल्याण (पूर्व)